थोरल्यानंतरची धाकटी

गेल्या उन्हाळ्यात मी पाच आठवडे माझ्याच घरात अडकून पडले होते. पाय मोडला नव्हता, ताप नव्हता, शहरात संचारबंदीही नव्हती. आमच्या धाकट्या कुत्रीने दार अडवलं होतं, एवढंच. कुणाला सांगितलं की लोक हसायचे. पहिल्या आठवड्यात मीही हसत होते.

घरात दोन कुत्री होती. थोरला चौदा वर्षांचा, पिवळट अंगाचा, स्वभावाने निवृत्त हेडमास्तर. धाकटी काळी, आठ वर्षांची. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर पिल्लू कुईकुई करत होतं, ते आमच्या ह्यांनी पिशवीत घालून आणलं. आल्या आल्या ती थोरल्याच्या पोटाशी शिरली आणि पुढची आठ वर्षं तिथेच राहिली म्हटलं तरी चालेल. दोघांना नावं होती. पण थोरल्याचं नाव कानावर पडलं की धाकटी अजूनही उठून गेटकडे बघते, म्हणून ते मी घरात घेत नाही आणि इथेही लिहीत नाही. त्याचं नाही तर मग हिचं तरी कशाला?

माणसं आम्ही दोघंच. हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या नोकरीत. सकाळच्या गाडीने जातात, संध्याकाळी येतात. मी शाळेत शिकवत होते, आता घरी. आणि बार्शीला माझी आई, भावाकडे. वय चौऱ्याऐंशी. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली तेव्हापासून ती खाटेवरच असते. दर गुरुवारी मी सकाळच्या एसटीने बार्शीला जायची, तिची वेणी घालायची, नखं कापायची, भावजयीच्या तक्रारी तिच्याकडून आणि तिच्या तक्रारी भावजयीकडून ऐकायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. या वयात आईचे किती गुरुवार राहिलेत हे कुणाला माहीत, म्हणून मी एकही चुकवत नसे.

थोरल्याच्या किडन्या निकामी झाल्या. सलाइन लावून झालं, औषधं झाली. शेवटचे तीन दिवस तो जागचा उठला नाही. पाणीसुद्धा मी चमच्याने पाजत होते, तेही बाहेर यायचं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता त्याला त्रासातून सोडवणं एवढंच आपल्या हातात आहे. याला सगळे 'झोपवणं' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. झोपलेला उठतो.

त्या सकाळी हे नेहमीसारखे गाडीला गेले होते. त्यांच्यासाठी थांबले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि थोरला ज्या आवाजात कण्हत होता तो आवाज मला संध्याकाळपर्यंत ऐकवला नसता. मी ह्यांना फोन केला, परत फिरा म्हटलं. धाकटीला मागच्या खोलीत तूप लावलेली भाकरी दाखवून बोलावलं आणि बाहेरून कडी घातली. रिक्षा बोलावली, थोरल्याला घेऊन गेले. हे स्टेशनवरून थेट दवाखान्यात आले, तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. मग ह्यांच्या एका दोस्ताच्या शेतात, लिंबाच्या बागेच्या कडेला, त्याच्या रोजच्या चादरीत गुंडाळून त्याला पुरला.

आता ती चूक सांगते. ती आम्ही केली नाही, आमच्या हातून सवयीने झाली. आम्ही दोघं गेटाशी पोचलो तोच शेजारच्या अक्का धावत बाहेर आल्या. तेलुगू घर आहे त्यांचं, नवरा चादरीच्या कारखान्यात. आमच्याकडे तेव्हा पाणी पाच दिवसांआड येत होतं आणि पाळी दुसऱ्या दिवशीची होती. आमच्या टाकीत तळाला गाळ. अक्का म्हणाल्या, "टीचर, तसंच आत नका जाऊ. मातीला जाऊन आलात. आधी अंगावरनं पाणी घ्या." आणि स्वतःच्या हौदातल्या पाण्याने भरलेल्या चार बादल्या त्यांनी आमच्या अंगणात आणून ठेवल्या. सोलापुरात एप्रिलमध्ये कुणी कुणाला चार बादल्या पाणी देणं म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल. आम्ही अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं, साबण लावला, कपडे तिथेच भिजवले. उरलेल्या पाण्यात मी फिनेल टाकून पुढची खोली, व्हरांडा, पायऱ्या, सगळं पुसून काढलं. माणूस गेल्यावर करतात तसंच केलं. त्याला आपण माणसासारखं वागवलं याचं मनात कुठेतरी बरंही वाटत होतं.

मग मी मागच्या खोलीची कडी काढली.

धाकटी आली ती थेट माझ्याकडे. माझे पाय हुंगले, हात हुंगले, नखं हुंगली. मी खाली बसले तर केस हुंगले. मग ह्यांना हुंगलं. मग त्याची रोजची जागा, जिथे फिनेलचा ओला पट्टा होता. तिथे ती शिंकली. परत माझ्याकडे आली. असं तिने किती वेळा केलं असेल, मी मोजलं नाही. माझ्याबरोबर बाहेर गेलेला तो माझ्या अंगावरही नव्हता आणि जमिनीवरही नव्हता. शेवटी ती गेटाला नाक लावून बसली.

पहिले दोन दिवस ती जेवली नाही. आम्हाला वाटलं, दुःख. मग ह्यांच्या लक्षात आलं की ती ताटलीसमोर बसते, लाळ गळते, पण तोंड घालत नाही. आठ वर्षं थोरल्याने आधी तोंड घालायचं आणि मग हिने, असा त्यांचा शिरस्ता होता. ती त्याच्यासाठी थांबली होती. मग एकोणसाठ वर्षांचा माझा नवरा ऑफिसची पँट घालून फरशीवर मांडी घालून बसला, ताटलीतला दूधभाकरीचा एक घास उचलून तोंडाशी नेला आणि मचमच आवाज केला. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं आणि खायला लागली. त्यानंतर दोन्ही वेळा हेच. "घरात माझ्यानंतर जेवणारं कुणीतरी भेटलं एकदाचं," हे म्हणाले. जेवणाचा प्रश्न असा सुटला.

दाराचा नाही सुटला. ह्यांना ती अडवायची नाही. उलट संध्याकाळी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरूनही यायची. अडवायची ती मला एकटीला. मी चपलेत पाय घातला की उंबऱ्यावर आडवी पडायची. ओलांडायला गेले की साडीच्या निऱ्या तोंडात धरायची. गुरगुरायची नाही, चावायची नाही, नुसती धरून ठेवायची, आणि दातांमधून एक बारीक आवाज काढत राहायची. माझ्याबरोबर गेटाबाहेर यायचं तर नावच नको. रिक्षा थांबल्याचा आवाज आला तरी ती जमिनीला चिकटायची. ह्यांचं म्हणणं बरोबर होतं, ते मला लागलं तरी: "मी रोजच जातो आणि रोज येतो. तू त्याला घेऊन गेलीस."

पहिला गुरुवार मी सोडून दिला. दुसऱ्या गुरुवारी तिला पुन्हा मागच्या खोलीत कोंडलं आणि निघाले. कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच अक्कांचा फोन. परत आले तर दाराचा खालचा भाग ओरबाडलेला आणि धाकटीच्या दोन नखांतून रक्त. त्यानंतरच्या रविवारी ह्यांनी तिला धरून ठेवलं. मी स्टँडवर बार्शी गाडीत जागा धरून बसले होते, तेव्हा ह्यांचा फोन आला की ती ओरडून ओरडून ओकली, आता धाप लागलीय. मी गाडीतून उतरले. कंडक्टर म्हणाला, "आवो मावशी, गाडी सुटायलीय की!" मी म्हटलं, सुटू दे.

मग मी निघायचा प्रयत्नच सोडला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, खिडक्यांना ओले पडदे, कूलरमध्ये घालायला पाणी मोजून, आणि मी कुठेही गेले तरी चार काळे पाय मागे. न्हाणीघरात गेले तर दाराच्या फटीखाली नाक. भाजीवाला गेटाशी यायचा, त्याच्याकडून मी लोखंडी गजांतून हात घालून भाजी घ्यायची. दिवसभर पंख्याची घरघर आणि तिचं धापा टाकणं, एवढेच आवाज. शाळेत असताना सुट्टीची वाट बघायची मी. आता घंटा झाली तर बरं असं वाटायचं.

आणि फोनवर आई. "का गं, आज बी न्हाईस आली?"

"आई, धाकटी सोडत नाही गं."

"कुत्रं मेलं तुजं, आन् दुसरं कुत्रं सोडंना म्हनून आईला भेटायचं न्हाय व्हय? लई भारी हाय की." मग जरा थांबून, "माजी वेणी हिनं घातली. आवळून आवळून घातली. डोकं दुकतंय."

तिसऱ्या गुरुवारी सकाळी भावजयीचा फोन आला. आई दोन दिवस नीट जेवली नाही, सारखं विचारते. मी साडी नेसले, पर्स घेतली, चप्पल घातली. धाकटीने निऱ्या धरल्या. मी ओढल्या, कापड फाटलं. मी पायातली चप्पल काढली आणि तिला मारली. एकदा नाही, तीनदा. तिने डोळे मिटले, पण तोंड सोडलं नाही. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते: त्याच्याऐवजी ही गेली असती तर. दुसऱ्याच क्षणी माझ्या हातातली चप्पल गळून पडली. मी उंबऱ्यावरच बसले. ती निऱ्या न सोडता माझ्या मांडीशी टेकली. मला स्वतःची शिसारी आली आणि तिचा राग तरीही गेला नव्हता. दोन्ही एकदमच होतं.

संध्याकाळी ह्यांनी माझी फाटलेली साडी बघितली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या स्कूटरवरून घरीच आल्या. तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. धाकटीने त्यांच्या बॅगेत नाक खुपसलं ते काढीचना. त्यांनी मला तिला मागे ओढू दिलं नाही, बॅग तशीच उघडी ठेवून खाली बसल्या. त्यांनी मला सगळं विचारलं. मी अंघोळीचंही सांगितलं.

"तिला त्याचा वास घ्यायला मिळायला हवा होता," त्या म्हणाल्या. "गेलेला हुंगला की बऱ्याच कुत्र्यांना कळतं. नाहीतर निदान तुमच्या हातांना, कपड्यांना तरी. हिच्या हिशेबाने तो कुठेतरी आहे आणि ते ठिकाण फक्त तुम्हाला माहीत आहे."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?" माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला.

"चुकलंच माझं. तुम्ही इतक्या शांत होता त्या दिवशी. मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक असेल."

शांत! मी शांत होते, कारण मला काहीतरी करायचं होतं. आधी रिक्षा, मग सही, मग खड्डा, मग बादल्या. मग धाकटी. एक संपलं की दुसरं होतंच.

त्यांनी उपाय सांगितला तो असा. जेवण, फिरणं, सगळं ठरल्या वेळी. कोंडायचं नाही, फसवायचं नाही. आणि जाण्याची तालीम करायची. चप्पल घालायची आणि खुर्चीत बसायचं. पर्स घ्यायची आणि भाजी निवडायची. दाराबाहेर एक पाऊल, परत. गेटापर्यंत, परत. परत आल्यावर लाड नाहीत, रडारड नाही. "गेलेली टीचर येते, हे तिला इतक्या वेळा दाखवायचं की तिला त्याचा कंटाळा आला पाहिजे."

शिकवणं हा माझा धंदाच होता. मी दुसऱ्या दिवशीच सुरुवात केली. सकाळभर मी चप्पल घालून घरात वावरत होते. पायात चपला घालून मी स्वयंपाक केला. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनीच दार अडवलं असतं. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यापर्यंत गेले. पाचव्या दिवशी गेट उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि आत आले. मग पुन्हा. मग पुन्हा. समोरच्या घरातल्या आजोबांनी विचारलं, काय विसरलं का? एक रिक्षावाला मला तीनदा गेटाबाहेर बघून तीनदा थांबला. "कुटं सोडू मावशी?" मी म्हटलं, कुठंच नाही. चौथ्यांदा तो थांबला नाही, नुसता बघत गेला. अक्का मात्र कट्ट्यावर बसून रोज हजेरी घ्यायच्या. त्यांना मी त्या अंघोळीचं काही सांगितलं नाही. त्यांचं पाणी चुकीचं नव्हतं.

सुरुवातीला ती निऱ्या धरायची, मग नुसती उंबऱ्यावर पडायची, मग बाजूला उभी राहून थरथरायची. मी एक मिनिट बाहेर राहिले. मग तीन. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणलं, घरात मीठ असताना. मग पुन्हा मीठ. त्या महिन्यात आमच्याकडे मिठाचे सात पुडे जमले. परत आले की ती मला हुंगायची, पण आता थोडक्यात. मलाही तोवर कळलं होतं की ही तालीम तिच्या एकटीची नाही. दवाखान्याचा रस्ता सात रस्त्यावरून जातो आणि स्टँडचाही तिकडूनच. धाकटीने दार अडवलं नसतं तर मी दुसरं काहीतरी कारण काढलं असतं.

सहाव्या गुरुवारी मी निघाले. हे रजा काढून घरी होते. धाकटी उंबऱ्याच्या आत बसली होती, कान मागे पडलेले. मी तिला काही बोलले नाही. डॉक्टरीणबाईंनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. गाडी सुटेपर्यंत मी हातात फोन धरून होते. वाटेत एकदाच ह्यांचा फोन आला. "मीठ कुठे ठेवलंयस?" ह्यांनी विचारलं.

आई वाळली होती. मी वेणी सोडली, तेल लावलं, पुन्हा सैल घातली. मग ती म्हणाली, "सुई दिलीस म्हनं त्याला."

"हो."

"दुकलं व्हय त्याला?"

"सुई टोचली तेवढंच. नंतर नाही."

"तुजा हात हुता का अंगावर?"

"होता. शेवटपर्यंत."

"मग झालं की." तिने माझा तेलकट हात आपल्या गालाला लावला. "माज्या येळंला बी येवडंच कर. सुई मान्साला देत न्हाईत म्हनं. हात ठिव." आणि ती स्वतःच हसली. मीही हसले. हसताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर हाताला नुसती हाडं लागली.

परतताना मी गाडीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते, आणि काही दिसत नव्हतं. सात रस्त्यावर रिक्षा सिग्नलला थांबली. दवाखान्याकडे जाणारा रस्ता मी बघितला, मान फिरवली नाही. दिवस मावळायला आला होता तेव्हा मी घराशी पोचले. गेटाशी कुणी नव्हतं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. मी धावतच आत गेले.

धाकटी स्वयंपाकघरात, थंड फरशीवर, चारी पाय ताणून झोपली होती. हे ओट्याशी चहा करत होते. "दुपारी एकदा गेटापर्यंत गेली, बघितलं, आली आणि पडली," हे म्हणाले. "म्हटलं ना, जमेल." तिने एक डोळा उघडला, शेपूट एकदा फरशीवर आपटलं आणि डोळा मिटला. मला ती शेवटी कंटाळली होती.

हेच तर मला हवं होतं. जवळजवळ तीन आठवडे चपला घालून घरात फिरले ते याचसाठी. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि नेमकी तिथेच मी मोडून पडले. कारण असा विश्वास मी याआधी एकदा बघितला होता. त्या सकाळी रिक्षा दारात आल्यावर मी थोरल्याला उचलायला वाकले, आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "चल, फिरून येऊ." तीन दिवस जागचा न हललेला तो पाय गोळा करून उठला. भिंतीला अंग घासत, थांबत थांबत, स्वतःच्या पायांनी रिक्षापर्यंत आला. मी चल म्हटलं म्हणून. हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंना नाही, आज आईलाही नाही. आईने हाताचं विचारलं, मी हाताचं सांगितलं.

मी फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, तो गेल्यापासून पहिल्यांदा. ह्यांनी चहा खाली उतरवला आणि माझ्या शेजारी बसले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी 'फिरून येऊ' सकट. आवाजाने धाकटी उठली. तिने माझे पाय हुंगले, माझे ओले हात हुंगले, बार्शीचं तेल हुंगलं. मग माझ्या पावलावर हनुवटी टेकून ती पुन्हा झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी तो हलवला नाही.